बिराजदार सर पास झाले

आमच्या बिराजदार सरांना खाली बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाला गेले तर पंगतीत बसायच्या ऐवजी ते वाढायला उभे राहत, आणि जिलबीचं ताट घेऊन "घे रे राजा, लाजू नको" करत शेवटच्या माणसापर्यंत फिरत. कुणाच्या घरी दुःखाचा प्रसंग असला, सगळे सतरंजीवर बसलेले असले, तरी सर आपले दाराच्या चौकटीला टेकून उभे. स्टाफचा फोटो निघायचा तेव्हा पुढच्या रांगेत खाली बसायला ते नव्या लोकांना ढकलत. लोक म्हणायचे, एवढा मोठा माणूस, पण मोठेपणा घेत नाही. मीही म्हणायचे. खरी गोष्ट एवढीच होती की त्यांचा डावा खुबा कामातून गेला होता, त्यांना मांडी घालता येत नव्हती, आणि याची त्यांना चोरी केल्यासारखी लाज वाटत होती.

संगप्पा बिराजदार हे निलंग्याकडचे. बोलता बोलता मधेच कानडी यायचं. "हौदल्ला?" म्हणजे "बरोबर ना?" हे तर दर दोन वाक्यांनी. लातूरच्या एका मोठ्या खाजगी क्लासमध्ये ते फिजिक्स शिकवत आणि मी बायोलॉजी शिकवते. मी मूळची नांदेडची. आम्ही नांदेडचे लोक लातूरला नावं ठेवायची एकही संधी सोडत नाही आणि पोरं मात्र शिकायला लातूरलाच धाडतो. मी तर स्वतःच येऊन राहिले, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही.

सरांना पोरांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. "ए रेणापूर, बल कुठून लागलं सांग." "ए किनवट, झोपू नको, जंगलात वाघ हाय." मुलींनासुद्धा तसंच. पोरं चिडायची नाहीत, उलट सुट्टीत घरी जाऊन अभिमानानं सांगायची की सर मला आख्ख्या गावाच्या नावानं हाक मारतात. मला ते "नांदेड मॅडम" म्हणायचे. स्टाफरूममध्ये उभ्या उभ्याच बशीत चहा ओतून प्यायचे, आणि शेवटचा घोट घेताना डोळे मिटायचे. कुणी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "बसलो की झोप येते मला. उभा बैल चांगला."

फळ्यासमोर ते टेबलाच्या कडेला उजवं अंग टेकवून उभे राहत. आम्हाला वाटायचं, ही त्यांची ऐट आहे. पोरं तर त्यांची नक्कलच करायची, तसंच तिरकं उभं राहून. फिजिक्स ते उत्तम शिकवत, पण त्यांचं खरं नाव होतं ते पेपर सोडवायला शिकवण्यात. परीक्षा जवळ आली की इतर क्लासची पोरंसुद्धा मागच्या बाकांवर घुसून बसत. "येतंय ते आधी. येत न्हाई ते सोडून द्यायचं राजा. पन सोडलंय हे तोंडावर दिसू द्यायचं न्हाई. शेजारच्याला कळलं की तू घाबरलास, तर तो डबल जोरानं लिहितो. हौदल्ला?" पोरं हसायची. मला वाटतं, सर सोडून बाकी सगळ्यांना तो विनोद वाटत होता.

त्या वर्षी हैदराबादहून एक नवा तरुण फिजिक्सचा मास्तर येऊन डेमो लेक्चर देऊन गेला होता. चपळ होता, टॅबलेटवर लिहायचा, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत शिकवायचा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर मागे उभे राहून बघत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पाय लई हलके हायत त्याचे." मी म्हटलं, शिकवायला पाय लागतात का सर? ते खडू उचलून पुढच्या तासाला निघून गेले.

तर अशा दिवसांत आमच्या क्लासच्या डायरेक्टर साहेबांना गोल्फ सुचला.

रेणापूर रोडला त्यांची पडीक माळरानाची जमीन होती. तिथं त्यांनी जाळ्या लावून सराव करायची जागा केली आणि पुढे थोडी भोकं पाडली. पुण्याकडे गोल्फ हिरव्यागार गवतावर खेळतात म्हणे. लातुरात गवताला पाणी घालणारा माणूस रस्त्यावर मार खाईल. तेव्हा आमच्याकडे भोकाभोवती वाळूत जुनं तेल कालवून ती थापटून ठेवली होती, तुळतुळीत, तव्यासारखी. डॉक्टर आणि अधिकारी येतील, त्यांच्या ओळखी होतील, असा साहेबांचा हिशेब. पण आधी स्टाफनं खेळायचं ठरलं. माझा भाऊ किनवटला आश्रमशाळेवर मास्तर आहे. त्याला फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की त्याच्या बायकोनं फोन काढून घेतला.

शिकवायला आणले सुभेदार कांबळे. ते देवणीचे. फौजेत असताना साहेब लोकांच्या मैदानावर गोल्फ शिकलेले आणि पुढे फौजेच्या स्पर्धांतही खेळलेले. मिशा काळ्याभोर रंगवलेल्या, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की कानात सांगितलेलं गेटवरच्या वॉचमनला ऐकू जावं. हळू बोलणं ही गोष्ट त्यांना फौजेनं शिकवलीच नव्हती. स्टाफरूममध्ये उभे राहून त्यांनी सांगितलं, "काठी हातात द्यायच्या आधी मी परत्येकाची बॉडी तपासनार. एका पायावर तोल राहतो का, कंबर किती वळते, वाकता येतं का, मांडी घालून हात न टेकता उठता येतं का. गोल्फ दिसाया सोपा हाय, पन कंबर, खुबा, गुडघा सगळ्याला पीळ बसतो. ज्याचं जे कमी हाय त्याला मी तसा येगळा व्यायाम देईन. ही परीक्षा न्हाई. आमच्या देवणीच्या बाजारात बैल घेताना त्याला चालवून बघत्यात, मार्क देत न्हाईत."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं त्या माणसानं. पण समोर बसलेले आम्ही सगळे लातूरच्या क्लासवाले. तपासणी हा शब्द आमच्या कानात शिरताना परीक्षा होऊनच शिरतो. पहिला प्रश्न गणिताच्या पवार सरांनी विचारला, "पासिंग किती?" आणि डायरेक्टर साहेबांनी त्यावर कळस चढवला. म्हणाले, जे टेस्ट पास होतील त्यांची पहिली बॅच, आणि त्या बॅचचा फोटो चौकातल्या होर्डिंगवर. आमच्या गावात होर्डिंग म्हणजे काय ते बाहेरच्याला समजायचं नाही. देवाचा फोटो देव्हाऱ्यात आणि माणसाचा होर्डिंगवर. बिराजदार सरांचा चेहरा तिथं वर्षानुवर्षं होता, निकाल लागला की पोरांच्या छोट्या फोटोंच्या वरती, मधोमध. आता फिजिक्सचा मास्तर फिटनेसमध्ये नापास झाला आणि होर्डिंगवरून उतरला, तर पालक काय विचारतील? आणि हैदराबादचा तो हलक्या पायाचा मास्तर तर तयारच होता. सरांच्या मनात काय चाललं असेल ते मी आज सांगू शकते. त्या दिवशी मी फक्त एवढंच पाहिलं की चहाची बशी त्यांनी अर्धीच ठेवली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गेस पेपर काढला. त्यांचा एक जुना विद्यार्थी नांदेडला हाडांचा डॉक्टर होता. त्याला फोन करून अशा तपासणीत काय काय करायला लावतात, त्याची सगळी माहिती काढली. मग क्लासच्या गच्चीवर सकाळी आमचा क्रॅश कोर्स सुरू झाला. फिटनेस तपासणीचा क्रॅश कोर्स! जगात हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं, आणि त्यात आम्हाला काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही.

सर शिकवायला लागले की कशाचाही धडा व्हायचा. "एका पायावर उभं राहताना खाली बघायचं न्हाई. भिंतीवरचा खिळा पकडा आन् त्याच्याकडंच बघा. गुरुत्वमध्य पावलाच्या आत ठेवा. पवार सर, तुमचा गुरुत्वमध्य पुढं लई लांब गेलाय, पोट आत घ्या." पवार सर पोट आत घ्यायचे आणि श्वास सोडला की पुन्हा तोल जायचा. माझे हात पायाच्या अंगठ्याला काही केल्या टेकेनात. गुडघ्याखाली थोडं गेलं की पाठ म्हणायची, बस. बायोलॉजी शिकवणारी बाई, स्नायूंची नावं तोंडपाठ, आणि स्वतःच्या अंगठ्याची न् हाताची भेट नाही. सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "नांदेड मॅडम, गुडघे किंचित वाकवा. सुभेदार समोरून बघनार, बाजूनं न्हाई."

"सर, ही तर कॉपी झाली."

"कॉपी कशाची? ही पेपर प्रेझेंटेशन."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. त्या सगळ्या सकाळी सरांनी आमच्याकडून सगळं करून घेतलं, स्वतः मात्र एकदाही करून दाखवलं नाही. ते कठड्याला टेकून उभे राहत आणि बोटानं दाखवत. मास्तर कधी स्वतः पेपर देतो का, असं आम्हाला वाटलं असेल. किंवा काहीच वाटलं नसेल.

टेस्टची सकाळ मला आठवते ती माझ्या ट्रॅकपँटसाठी. मी जन्मात पहिल्यांदा ती घालून रस्त्यावर आले होते, आणि रिक्षात बसेपर्यंत वरून ओढणी पांघरून घेतली होती. मैदानावर बघते तर सगळेच तसे. ज्यांना पोरं घाबरतात ती माणसं टी-शर्टात अवघडून उभी होती, पोटावर हात बांधून. केमिस्ट्रीच्या मॅडमचा चेहरा तर फाशीला निघाल्यासारखा. सुभेदारांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि शिट्टी वाजवली. त्यांचीही चूक झालीच. परीक्षा नाही म्हणत होते, पण एकेकाला बाजूला घेऊन बघायच्या ऐवजी त्यांनी सगळ्यांसमोर परेड काढली. पुढे त्यांनीच मला हे बोलून दाखवलं.

मी वाकताना गुडघे वाकवले. सुभेदार बाजूला येऊन उभे राहिले आणि गडगडाटी आवाजात म्हणाले, "मॅडम, गुडगे!" मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पवार सरांचा तर तोल जाऊन ते केमिस्ट्रीच्या मॅडमच्या अंगावर जाता जाता राहिले, आणि दोघंही नंतर बराच वेळ वेगवेगळ्या दिशांना बघत होती.

बिराजदार सरांचा नंबर शेवटी आला. तो त्यांनीच मागून घेतला होता. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, पँट, पायात नवे बूट. एका पायावर उभं राहायचं म्हणताच ते उजव्या पायावर उभे राहिले, खांबासारखे, डोळे लांबच्या बाभळीवर. आता पाय बदला, असं सुभेदार म्हणणार तेवढ्यात सरांनी विचारलं, "सुभेदार, तुम्ही सियाचीनला होता म्हनं? तिथं एका पायावर उभं राहनं जमतं का हो?" आणि सुभेदार सियाचीनला निघून गेले. बर्फ, तंबू, गोठलेली अंडी. मिशीवर ताव देत परत आले तेव्हा सर पुढच्या प्रकाराला लागलेले होते. डाव्या पायाचं राहूनच गेलं. आम्हाला वाटलं, सरांनी सुभेदारांची काय फिरकी घेतली!

मग खाली बसायचं आलं. मी आधी सांगितलं तसं, हे दृश्य आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. सर हळूहळू खाली गेले. उजवी मांडी घातली. डावा पाय दोन्ही हातांनी धरून आत ओढला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. क्षणभर तसेच बसले. मग खांदे पुढे फेकून, हात न टेकता, एका झटक्यात उठले. गच्चीवर त्यांनीच शिकवलेली युक्ती होती ती. कपाळावरून घामाची धार कॉलरपर्यंत आली होती. चेहरा मात्र हसरा. आम्ही टाळ्या वाजवल्या. पवार सरांनी तर शिट्टी मारली. "सर पास!" कुणीतरी ओरडलं. त्या टाळ्यांची मला आज फार लाज वाटते. बैलाला बाजारात चालवताना टाळ्या तरी वाजवत नाहीत.

साहेबांनी सगळ्यांनाच पास करून, काठ्या खांद्यावर देऊन होर्डिंगसाठी फोटो काढून घेतला, आणि सगळे पोह्यांकडे वळले. मैदानावर आल्यावर मी माझी ओढणी सरांच्या गाडीत ठेवली होती, म्हणून मी तिकडे गेले. गाडीचं दार उघडं होतं, सर सीटवर आडवे टेकले होते आणि डावा पाय बाहेर लोंबत होता. त्यांनी तो गुडघ्याखाली दोन्ही हातांनी धरून उचलला आणि आत ठेवायला लागले. दात ओठांवर आवळलेले. तोंडातून आवाज आला, तो मी लिहू शकत नाही. मग त्यांना मी दिसले.

"सर, काय झालं?"

"काई न्हाई. मुंग्या आल्या."

मी बाई बायोलॉजीची. मुंग्या आणि खुबा यातला फरक मला कळतो. मी तिथंच बसकण मारली आणि विचारत राहिले, आणि ते नाही नाही म्हणत राहिले. शेवटी त्यांनीच सांगितलं. बऱ्याच महिन्यांपासून दुखत होतं. वेदनेच्या गोळ्या चालू होत्या. त्या सकाळी एका ओळखीच्या कंपाउंडरकडून इंजेक्शन घेऊन आले होते. डॉक्टरला दाखवलं नव्हतं, कारण लातुरात डॉक्टरकडे जायचं म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या अर्ध्या पालकांना भेटायचं.

"सर, मग हे सुभेदारांना सांगा. त्यासाठीच तर ती तपासणी होती!"

"सांगितलं की संपलं मॅडम. ज्याला खाली बसता येत न्हाई त्याला फळ्यापुढं उभं ऱ्हाता येनार न्हाई, असं म्हनतील. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आन् तुम्ही तुमची बायोलॉजी शिकवा. माझ्या शरीराचं चॅप्टर तुमच्या सिलॅबसला न्हाई."

ते माझ्याशी कधी असं बोलले नव्हते. बोलून झाल्यावर तेच माझ्याकडे बघेनात. समोरच्या काचेवरची धूळ बोटानं पुसत राहिले.

मी दोन दिवस गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी सुभेदारांना सांगितलं. यात मी काही चूक केली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन. सुभेदारांनी ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "मी सियाचीनच्या नादी लागलो बघा. डाव्या पायाचं बघितलंच न्हाई." मी त्यांना बजावलं, सरांशी एकट्यात बोला. ते हो म्हणाले, आणि त्यांना तसं करायचंही होतं.

पहिल्या सरावाला सगळे जाळीसमोर उभे होतो. डायरेक्टर साहेब फोटोग्राफर घेऊन आले होते. सुभेदारांनी सरांना चार पावलं बाजूला नेलं आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात सांगितलं, "सर, तुम्ही आता फक्त वाळूवर बारकी बारकी पुटिंग करा, चेंडू हळूच भोकात ढकलायचा. मोठा फटका नगं. तुमच्या खुब्याचं मला कळलंय. आधी डॉक्टरला दाखवू, मी येतो संगं."

मैदानभर ऐकू गेलं. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. डायरेक्टर साहेबांनी विचारलं, "कोणाचा खुबा?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. राग असता तर मला चाललं असतं. राग नव्हता. भर वर्गात एखाद्या पोराची फाटकी चड्डी दिसावी आणि त्यानं मागे हात धरावा, तसं बघणं होतं ते.

"कोन म्हनतंय?" सर मोठ्यानं हसले. "सुभेदार, तुमची तपासनी पास झालोय मी. सगळ्यांनी बघितलंय. हौदल्ला?" त्यांनी पिशवीतली सगळ्यात लांब काठी उपसली. सुभेदार "सर, नगं, सर" करत धावले. सरांनी चेंडूही नीट ठेवला नाही. पूर्ण ताकदीनं फिरवली. गोल्फमध्ये फटका मारून झाला की अंगाचा सगळा भार पिळवटत डाव्या पायावर येतो. हे मला नंतर सुभेदारांनी समजावून सांगितलं. तेव्हा मी फक्त सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज ऐकला, आणि बिराजदार सर पडले.

चेंडू तिथंच होता.

उचलून गाडीत घालेपर्यंत ते एकच सांगत होते, "वाळू होती. पाय घसरला. वाळू होती हो तिथं." तिथं वाळू नव्हती. आम्ही सगळे म्हणालो, हो सर, वाळूच होती.

ऑपरेशन नांदेडला झालं, त्यांच्या त्या जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनं. तो डॉक्टर बाहेर येऊन आमच्याशी बोलला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, खुब्याचं हाड कधीचंच आतून वाळलं होतं, आधी आले असते तर बरंच काही करता आलं असतं. "सरांनी मला फोन केला होता. मॅडम, त्यांनी मला टेस्टमध्ये काय विचारतात तेवढंच विचारलं. मी पण मूर्ख, सांगत बसलो. कुणासाठी पाहिजे, हे विचारायचं मला सुचलं न्हाई."

महानंदाकाकू, सरांच्या पत्नी, व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांना बोलायला कुणीतरी हवं होतं. "घरी बी तसंच हो. पूजेला स्टुलावर बसायचे. पावनं आलं की स्टूल आत न्यायचे अन् स्वतः उभे ऱ्हायचे. मी एकदा म्हनलं, अहो माझ्यापुढं कशाची लाज? तर म्हनले, तुझ्यापुढं सवय लागली की भाईर बी सुटतं." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "माझ्या बाईजातीला एवढी लाज न्हाई बघा, जेवढी या मानसाला."

मी आत गेले तेव्हा सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते, ते मला श्वासावरून कळलं. मी सफरचंदं ठेवली आणि बाहेर आले. सुभेदारही दोनदा आले होते म्हणे. दोन्ही वेळा सर झोपलेलेच.

हैदराबादच्या मास्तरानं बॅच घेतली. चांगला शिकवतो, वाईट म्हणायला जागा नाही. डायरेक्टर साहेबांनी सरांना सांगितलं होतं की खुर्चीत बसून शिकवा, पोरं ऐकतील. ते खरंही होतं, सरांनी जमिनीवर झोपून शिकवलं असतं तरी पोरांनी ऐकलं असतं. सरांनी तब्येतीचं कारण कळवून नोकरी सोडली. चौकातलं होर्डिंग मात्र पुढच्या निकालापर्यंत तसंच राहिलं. टेस्टच्या दिवशी काढलेला फोटो. आम्ही सगळे ओळीनं, आणि मधोमध काठी खांद्यावर टाकून सर, हसताना. मी क्लासला जायचा रस्ता बदलला. गोल्फला त्यानंतर कुणी गेलं नाही. सुभेदार आता एका शाळेत पीटी घेतात, आणि पोरांना तपासताना एकेकाला खोलीत बोलावतात.

सर शेवटचे दिसले ते गंजगोलाईच्या बाजारात. वर्ष होऊन गेलं होतं. संध्याकाळची गर्दी, मी मेथीची जुडी निवडत होते. मान वर केली तर पलीकडे पेरूच्या गाड्याजवळ सर. बारीक झाले होते. उजव्या हातात काठी होती आणि तिच्यावर सगळा भार टाकून ते दर पावलाला थांबत येत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी त्यांची नजर माझ्यावर पडली.

त्यांनी काठी पाठीमागे नेली. दोन्ही हात मागे बांधून, शाळेच्या मैदानावर मास्तर पोरांची प्रार्थना बघत उभे राहतात तसे उभे राहिले. पाठीमागून काठीचं रबराचं टोक पोटरीजवळ दिसत होतं.

"काय नांदेड मॅडम! बऱ्या हायत ना?"

"बरी आहे सर. तुम्ही?"

"एकदम फस्क्लास. रोज फिरायला येतो. मोकळी हवा."

गोलाईत मोकळी हवा! पण मी हो म्हटलं. पोरं कशी आहेत, त्यांनी विचारलं. किनवटचा तो झोपाळू मेडिकलला लागला, मी सांगितलं. त्यांचे डोळे चमकले, आणि पुढचं विचारण्यासाठी ते जरा पुढे झुकले, तसा त्यांचा डावा पाय थरथरायला लागला. आधी पोटरी, मग मांडी, मग शर्टाची बाहीसुद्धा हलायला लागली. मागे बांधलेल्या हातांना काही आधार नव्हता. पेरूवाल्यानं बघितलं आणि गाड्याचा दांडा त्यांच्या बाजूला सरकवला. सरांनी तो धरला नाही. हसत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि मला अजून खूप बोलायचं होतं. मला माफी मागायची नव्हती, पण दोन शब्द बोलायचे होते, की सर, तुमच्यावाचून स्टाफरूममध्ये चहा गोड लागत नाही.

"येते सर. क्लास आहे," मी म्हटलं. क्लास नव्हता.

"हां हां, जा. उशीर नगं."

मी मेथी तशीच टाकून निघाले, झपाझप. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, आणि वळतानाही मान फिरवली नाही. मी बघत नाही, अशी खात्री पटल्याशिवाय त्यांनी काठी टेकली नसती.